स्विचवरची पाटी

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ होती: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. धनश्रीने बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ओळ तीच.

"काल लिनक्स टाकलं तवा मस्त चालून राहिला होता," ती म्हणाली. "आज काहून मेला हा?"

तीन वाजता तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. प्रोग्राम लिहून दाखवायचा, तोही समोरच्यांच्या डोळ्यांदेखत. मोबाईलवर भागणारं काम नव्हतं. लॅपटॉप जेवायच्या टेबलावर होता, कारण बॅटरी दहा मिनिटंही टिकत नसे आणि त्याची जाडी पिन फक्त ओट्याजवळच्या मिक्सरच्या सॉकेटात बसायची.

तिचे वडील रुपराव पेपर वाचत होते, म्हणजे डोळ्यांपुढे धरून होते. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या थापांवर आणखी एक युनिट चालेल, असं कॉलनीत म्हणत.

धनश्रीने आतल्या सेटिंगचं पान उघडलं. तारीख दाखवत होती एक जानेवारी दोन हजार दहा.

"म्हणजे माही नोकरी बाकी आहे अजून," रुपराव खूश झाले.

"बाबा, मजाक नका करू."

तिने सेटिंग बदलली, तारीख घातली. लॅपटॉप शहाण्यासारखा सुरू झाला. तापू नये म्हणून तिने तो बंद केला आणि आंघोळीला गेली. परत येऊन पाहते तर तोच काळा पडदा, तीच पांढरी ओळ, तेच दोन हजार दहा.

"बाबा, तुमी हात लावला?"

"मी कायले हात लावतो? फक्त सप्लाय तोडला. पिन काढली, बॅटरी काढली, धूळ पुसली, परत लावली. मशीन बंद दिसते म्हणून बंद असते काय वं? सप्लाय तोडल्याबिगर तिले हात लावायचा नाही."

"आन काल?"

"काल झोपताना. नियम रात्रपाळीलेही लागते."

तिची आई मैनाबाई ओट्यापासून बोलल्या, "याच नियमानं फ्रिजची पिन काढून मले नरखेडले लग्नाले नेलतं. आलो तं दुधाचं दही होऊन बसलं होतं."

"दह्याचं ताक अन् ताकाची कढीही झालती. आयतं जेवण भेटलं ना तुले?"

धनश्री हसली नाही. तिचे डोळे भरले होते.

"आतला बारका सेल मेला आहे, बाबा. पिन आन बॅटरी दोन्ही काढली का हा शिकवलेलं सगळं विसरते. मंग लिनक्स कुठं ठेवलं तेच सापडत नाही याले."

रुपरावांनी पेपर खाली ठेवला.

"किती वाजले?"

"पावणेतीन."

ती पुन्हा सेटिंगला लागली. रुपराव स्टुलावर चढले, माळ्यावरची ट्रंक उघडून एक लाल पत्र्याची पाटी काढून आणली. दोरी कोळशानं काळी झालेली. वर अक्षरं: माणसे काम करीत आहेत. स्विचला हात लावू नये.

केंद्रातला नियम असा: ही पाटी जो लावतो, त्यानेच काढायची. एकदा ती लावून रुपराव एसटीत बसले, तर साहेब त्यांना परत न्यायला मोटारसायकलवर काटोलपर्यंत मागे आला, पण पाटीला बोट लावलं नाही. ही गोष्ट घराने इतक्यांदा ऐकली होती की साहेबाची मोटारसायकल आता विमान व्हायचीच बाकी होती. आज मात्र त्यांनी ती सांगितली नाही. जन्मभर पाटी बंद स्विचवर लावली, कुणी चालू करू नये म्हणून. आज ती मिक्सरच्या सॉकेटाच्या चालू स्विचवर लावली आणि शेजारी उभे राहिले.

मुलाखत इंग्रजीत चालली. धनश्री मध्येच "सॉरी" म्हणाली, तेव्हा रुपरावांचा हात नकळत पाटीवर गेला. मग पुन्हा बोटांचा टकटकाट सुरू झाला.

शेवटी तिने मान वर केली.

"झालं, बाबा. काढा पाटी."

"घेतलं काय तुले?"

"कळवतो म्हणाले."

"मंग काम चालू आहे," म्हणत ते खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी मैनाबाई मिरच्या-लसूण भरलेलं मिक्सरचं भांडं घेऊन सॉकेटापाशी आल्या. पाटी वाचली. नवऱ्याकडे पाहिलं, पेपर पुन्हा डोळ्यांपुढे गेला होता, उलटा.

त्यांनी ओट्याखाली वाकून खलबत्ता ओढला.