वेगळी भाजी

“मलाही एक वांगं वाढ.”

तिचा हात पातेल्यावरच थांबला. लग्नापासून भरल्या वांग्यांच्या दिवशी नवऱ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी व्हायची. आजही केली होती.

“अहो, कुणाकडं खाऊन आलात? टेकडीवर फिरायला त्या घारपुरेबाई येतात, डबा आणतात, त्यांच्या हातचं?”

“छे गं.” त्यांनी भाकरीशी घास घेतला, सावकाश चावला. “सात वर्षांचा असताना वांग्यात अळी दिसली, तेव्हा ठरवलं, खायचं नाही. आज वाटलं, या वयात त्या पोराचं किती ऐकायचं?”

तिला काही ते पटलं नाही. दुपारी तिनं त्यांच्या शर्टाचा वाससुद्धा घेऊन पाहिला. नुसता घामाचा होता.

शर्ट हातात घेऊन ती बसून राहिली. तिच्या लग्नात धाकटी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली होती, “ताईला नवरा बुटका मिळाला.” तेव्हा बावीस वर्षांच्या नवरीनं बहिणीशी धरलेला अबोला अजून सुटला नव्हता.

तिनं भाचीकडून बहिणीचा नंबर घेतला. बराच वेळ रिंग वाजली.

“कुमुद, मी ताई बोलतेय.”

पलीकडून घाबरा आवाज आला, “कोण गेलं गं?”