रविवारची तारीख

“पण तारीख बदलणार नाही ना?” मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी हातातला कप खाली ठेवला. पडद्याच्या कापडावर छपाई करणाऱ्या या कारखान्यात मागच्या महिन्यात सर्व्हरची एक डिस्क बसली होती आणि वर्षभराच्या ऑर्डरी गेल्या होत्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणार, हे त्यांना समजत होतं. पण हा माणूस ताक सोडून भलतंच काहीतरी फुंकत होता.

“कुठली तारीख, काका?”

“ते जाऊ द्या. फाइलींची प्रत ठेवायच्या पद्धती सांगा.”

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एक तर रोज सगळ्याची नवी प्रत काढायची. त्यात मशीन तासन्‌तास अडकून पडणार. नाहीतर एकदाच सगळ्याची प्रत काढायची आणि मग रोज फक्त जे बदललं असेल तेवढंच उचलायचं. पद्धत कुठलीही घ्या, वापरात नसलेले आणि सोडून गेलेल्या माणसांचे फोल्डर वेगळ्या डिस्कवर टाकून कपाटात ठेवायचे आणि त्या माणसांची खाती बंद करायची.

मालकांना दुसरी पद्धत पटली. कपाटात जाणाऱ्या फोल्डरांच्या यादीवर ते भराभर मान डोलावत गेले. एका नावापाशी मान थांबली.

“हा नाही.”

“काका, या फोल्डरचं खातं चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचं आहे. अजूनही बाहेरून उघडतंय. कामावरून गेलेल्याकडे कुणी कारखान्याची किल्ली ठेवतं का?”

“मी ठेवतो. माझी मुलगी आहे ती.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा घरात दोघंच. मुलगी नक्ष्या काढायची, बाप छापायचा. एक दिवस तिची नक्षी बघून हे म्हणाले, “ही वहीत ठेव, पडद्यावर कोण घेणार?” शब्दाला शब्द लागला. ती परगावी निघून गेली. फोन तिनेही केला नाही आणि यांनीही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर दोन सुंभ होते.

“पण दर रविवारी ती येऊन जाते,” मालक म्हणाले. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. फोल्डरच्या नावापुढे गेल्या रविवारची तारीख होती. “सोमवारी आलो की आधी हे बघतो. तारीख बदललेली असली की समजायचं, पोरगी बरी आहे. जुन्या नक्ष्या बघत बसत असेल.”

“तुम्ही कधी उघडून नाही बघितलं?”

“छे. तिनेच बजावलं होतं मला. ‘बाबा, माझ्या फोल्डरात डोकावायचं नाही. डोकावलात तर तारखेवरून कळेल मला.’ मी हात लावला तर तारीख माझी होईल. मग तिची कुठली आणि माझी कुठली, हे कसं ओळखायचं?”

बाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण म्हाताऱ्याचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. त्या शुक्रवारीच बाईंनी पहिली पूर्ण प्रत काढून घेतली. “खातं ठेवायचं की बंद करायचं, सोमवारी सांगा,” एवढंच म्हणाल्या. “पण काका, उघडं ठेवणं धोक्याचं आहे. पुन्हा सगळं गेलं तर मला बोल लावू नका.”

शनिवारी मालकांनी स्वतःला खूप समजावलं. तीस माणसं या कारखान्यावर जगत होती. एका तारखेपायी सगळं पणाला लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. रविवारी त्यांना जेवण गेलं नाही. आत्ता येऊन गेली असेल का, एवढंच मनात येत राहिलं. तिच्या आवाजाची इतकी आठवण त्यांना चार वर्षांत झाली नव्हती.

सोमवारी बाई आल्या तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते.

“बंद करा,” ते म्हणाले. “करून टाका एकदाचं.”

बाईंनी मान डोलावली. आधी नव्या पद्धतीची तपासणी करायची होती. शुक्रवारपासून जे बदललं त्याची यादी समोर आली. ती जेमतेम तीन ओळींची होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली.

“शनिवारच्या ऑर्डरी. रंगांचा साठा. आणि मुलीच्या फोल्डरात एक नवी फाइल.”

“नवी कशी असेल? ती नुसती बघून जाते.”

“नुसतं बघून ही तारीख बदलत नाही, काका. तिने काहीतरी थट्टेत सांगितलं असेल तुम्हाला. आत काही नवं ठेवलं तरच ती बदलते.”

बाहेर छपाईच्या टेबलावर कुणीतरी कापड ताणत होतं. बाईंनी माउस त्यांच्याकडे सरकवला. मालकांनी फोल्डर उघडला.

आत जुन्यांशिवाय दोनशेच्या वर नव्या नक्ष्या होत्या. प्रत्येक रविवारची एक. फुलं, वेली, पाण्यावरच्या रेघा, सगळं पडद्याच्याच मापात. सगळ्यांत वर कालची होती. तिला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. त्याखाली पुन्हा आकडे, आकड्यांच्या खाली आकडे. मालक खाली खाली जात राहिले, ती घर सोडून गेली त्या आठवड्यापर्यंत.

तिथे नव्यांतली पहिली नक्षी होती, आणि त्या एकीलाच नाव दिलेलं होतं : ‘बाबा, आता डोकावलात तरी चालेल.’