चेहरा चौकटीत ठेवा

काजल सिस्टरने भूपेशच्या नाकातली नळी हळूहळू ओढून काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाच मिनिटं. मंग नवी टाकस," ती म्हणाली.

भूमिकाने मान हलवली. सकाळीच तिने नवऱ्याची दाढी केली होती, भांग पाडला होता, निळा शर्ट घातला होता. हनुवटीवर ब्लेड जरा लागलं होतं, तिथे रक्ताचा टिपका सुकला होता. तिने तो ओल्या बोटाने पुसला आणि फोन उघडला.

सिस्टर शहाद्याहून दर महिन्याला नळी बदलायला कळसाडीला यायची. घरातलं तिला सगळं माहीत होतं, हे नव्हतं.

"हाई कसाले करी ऱ्हायनी तू?"

"त्यासनं अकाउंट बंद पडनं. कोनीतरी आत घुसनं, जाहिराती टाक्यात. मंग कंपनीनी बंद करी टाकं. आते म्हनतस, ज्यानं शे त्यानं तोंड दखाडा."

"मंग नवीन काढी ले ना."

"नवीनमा त्यासना आवाज नही," भूमिका म्हणाली.

सहा महिन्यांपूर्वी भूपेशची मोटरसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली, तेव्हा खिशातल्या फोनचाही चुरा झाला होता. तेव्हापासून त्याचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता, तोंडातून शब्द नव्हता. त्याचं जे काही बोलणं शिल्लक होतं ते त्या अकाउंटात टाकलेल्या व्हिडिओंत होतं. याआधी दोनदा भूमिकाने त्याच्या चेहऱ्याचा व्हिडिओ कंपनीला पाठवला होता. चेहरा नीट दिसत नाही म्हणून दोन्ही वेळा परत आला. नळी आडवी येत होती, ती गालाला धरून ठेवणारी पट्टीही. कंपनीने दिलेली मुदत संपायला चार दिवस उरले होते, मग सगळं पुसलं जाणार होतं.

सासू दगूबाई उशीमागे पलंगावर चढून बसली होती. मुलाचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं.

"जित्ता मानूस आठे पडेल शे," ती म्हणाली, "नि फोन म्हनस, ओळख दखाडा."

पडद्यावर अक्षरं आली. चेहरा चौकटीत ठेवा. कॅमेऱ्याकडे सरळ पाहा.

भूपेश पंख्याकडे बघत होता. दिवसभर तो पंख्याकडेच बघायचा. भूमिका पलंगाच्या काठावर गुडघा टेकून उभी राहिली आणि तिने फोन त्याच्या आणि पंख्याच्या मध्ये धरला.

आता हळूच डावीकडे वळा.

"आत्या, डाव्या अंगे."

दगूबाईने दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले आणि मान वळवली.

"बोटं मांगे ल्या. दिसी ऱ्हायनात."

दगूबाईने बोटं मागे घेऊन केसांत लपवली. पडद्यावरचं वर्तुळ अर्धं हिरवं झालं. मग उजवीकडे. मग हनुवटी वर. मान आखडलेली होती, वर होईना. दगूबाईने जरा जोर लावला. भूपेशच्या घशातून घरघर आली. सिस्टर एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली.

"त्याले दुखी ऱ्हायनं व्हई का?" दगूबाईने विचारलं.

वर्तुळ पूर्ण झालं. व्हिडिओ मिळाला, तपासून कळवू, असं पडद्यावर आलं. भूमिकाने फोन खाली ठेवला. सिस्टरने हातमोजे चढवले.

नवी नळी आत गेली. गालावर नवी पट्टी बसली. सिस्टरने नळीतून दूध दिलं, पिशवी आवरली आणि उन्हाची निघून गेली.

चारच्या सुमाराला फोन वाजला. तुमची ओळख पटली आहे. पुन्हा स्वागत आहे, भूपेश.

भूमिकाने ते दोनदा वाचलं. मग फोन खिडकीत ठेवला, कारण भूपेशला कुशीवर करायची वेळ झाली होती. तिने त्याला भिंतीकडे वळवलं, पाठीला पावडर लावली, दोन गुडघ्यांमध्ये उशी दिली, चादर ओढली. हात धुतले. मग खुर्ची ओढून बसली आणि अकाउंट उघडलं.

वर सगळा कचरा होता. बुटांच्या जाहिराती, घरबसल्या कमाईच्या जाहिराती. ती खाली सरकत गेली. कचरा संपला आणि भूपेश लागला. केळीच्या बागेत, तापीच्या पुलावर, कुणाच्या तरी हळदीत. एका व्हिडिओवर तिचं बोट थांबलं. तो ट्रॅक्टर घेऊन अंगणात शिरत होता. चेहरा मातीने भरलेला, दात तेवढे पांढरे.

तिने आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या कानाशी नेला.

"ओ माय, च्या मांड," भूपेश म्हणाला. "उनू मी."

भिंतीकडचा चेहरा तसाच राहिला. पापणीसुद्धा हलली नाही.

"मांडस रे," स्वयंपाकघरातून दगूबाई म्हणाली. "हातपाय धोय, बठ."

पातेलं ठेवल्याचा आवाज आला. गॅस पेटल्याचा आला. चहाचा डबा काही उघडला नाही. बराच वेळ आत नुसतं पाणीच उकळत राहिलं.