गुहेचं प्रकरण

आई मुलांसाठी राक्षसांची कादंबरी लिहीत होती. नायिका तिचीच लेक, झुरळ दिसलं तरी घर डोक्यावर घेणारी.

"आई, मला गुहेत नको ना पाठवू."

"वेडाबाई, राक्षसिणीला मारून येशील की बाहेर!" आई हसली आणि तिनं ते प्रकरण लिहून टाकलं.

दुपारी तिनं लेकीला जेवायला हाक मारली. "आले," आवाज घुमत, कुठूनतरी खोलवरून आला. लेकीच्या खोलीत कुणीच नव्हतं. पलंगाखालीही नाही.

टेबलाशी धावत येऊन आईनं घाईघाईनं लिहिलं, 'ती बाहेर आली.'

दार करकरलं. लेक समोर उभी होती. आईनं तिला घट्ट कवटाळलं. लेक तिच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवू लागली.

तेवढ्यात खोलवरून हाक आली, "आई, लवकर लिही ना. मी अजून आतच आहे."