कडीखाली चार बोटं

“थांब मेघाली. इथूनच वळव सगळ्यांना,” सुकन्या मॅडम म्हणाल्या.

खाजणातल्या अरुंद फाट्यात सात केशरी कयाक एकामागे एक थांबल्या. पुढे मेघाली. तिच्यामागे सुकन्या मॅडम, मुंबईहून तिची परीक्षा घ्यायला आलेल्या. मग चार पाहुणे, आज पहिल्यांदाच वल्हं हातात घेतलेले. सगळ्यात शेवटी मेघालीचे वडील हिरामण, कोणी उलटलंच तर उचलायला.

मॅडमनी लाइफ जॅकेटच्या खिशातून भरती-ओहोटीचा तक्ता काढला. “भरती नऊ बेचाळीसला होती. आता पावणेदहा झाले. ते बघ, पाणी उतरायला लागलं.”

थर्माकोलची एक डिश आणि थोडा फेस खाडीच्या तोंडाकडे चालला होता.

“फाटा सुकला तर हे चौघं चिखलात रुततील. मग मी फॉर्मवर सही कशी करायची?”

फॉर्म त्याच खिशात होता. सही झाली तर उद्यापासून मेघाली एकटी सहल नेऊ शकणार होती. नाही झाली तर आणखी एक हंगाम दुसऱ्या कोणाच्या मागे वल्हवायचं.

“मॅडम, ती मुंबईची भरती,” मेघाली म्हणाली. “आमची अजून न्हाय झाली.” सकाळपासून जपून बोललेली पुस्तकी मराठी पहिल्यांदाच सुटली होती. तिने ती पुन्हा धरली. “समुद्रातून इथपर्यंत यायला पाण्याला तासाभराहून जास्त वेळ लागतो. डिश वाऱ्याने चालली आहे. तुम्ही वल्हं उभं धरा, पातं पूर्ण पाण्यात.”

मॅडमनी धरलं. पातं हळूच आतल्या बाजूला झुकलं. त्यांनी फिरवून पुन्हा धरलं. पुन्हा तिकडेच झुकलं.

“येतंय अजून,” त्या म्हणाल्या. “पण किती वेळ?”

“अकराला दहा कमी असताना थांबेल. पुढे जुना धक्का आहे, त्याला पडाव, म्हणजे मालाची गलबतं, बांधायची लोखंडी कडी आहे. पुनवेला ती बुडते. आज बारस. पाणी कडीच्या खाली चार बोटांवर थांबेल.”

“बोटं?”

“हो. बोटं.”

मॅडमनी मागे वळून पाहिलं. “हिरामण भाऊ, तुम्ही सांगा.”

तीस वर्षं हिरामणने याच खाडीत बुड्या मारून बादलीने रेती काढली होती. तो वल्हं मांडीवर ठेवून बसला होता. “मी मागं हाय, मॅडम,” तो म्हणाला. “मना पुढचं काय दिसतंय?”

“चला की,” पाहुण्यांमधल्या अतिया आपा म्हणाल्या. त्यांनी एका हाताने ओढणी आणि एका हाताने वल्हं धरलं होतं, त्यामुळे त्यांची कयाक सारखी तिवरांत घुसत होती. “धक्का न बघता परत गेले तर माझी सून म्हणेल, भिवंडीत कसलं आलंय बंदर! बंदर मोहल्ल्यात राहते, तरी म्हणते.”

कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

“चुकलीस तर सही नाही.”

“नका करू,” मेघाली म्हणाली आणि पुढे झाली.

धक्क्याच्या पाच पायऱ्या पाण्याबाहेर होत्या. तिवरांच्या वर गोदामांची निळी छपरं दिसत होती. एक खंड्या दोनदा पाण्यात पडला आणि दोन्ही वेळा रिकामा वर आला. मेघाली सांगत होती. इथून भात आणि मीठ जायचं. मंगळुरी कौलं यायची. एका पडावात किती कौलं, ती उतरवायला किती माणसं. अतिया आपांच्या पणजोबांचा पडाव होता. आपांनी कडीला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

दहा वाजून दहा मिनिटं. वरून चौथी पायरी ओली झाली. मग तिसरी. मॅडम घड्याळ आणि पायरी आळीपाळीने बघत होत्या. मेघाली पाण्याकडे बघत नव्हती. ती एका पाहुण्याची वल्हं धरायची मूठ सुधारत होती.

दुसऱ्या पायरीच्या कडेला एक तिवराचं पिवळं पान येऊन लागलं होतं. ते ना वर गेलं, ना खाली.

“थांबलं,” मेघाली म्हणाली.

“दहा बावन्न,” मॅडम म्हणाल्या. “दोन मिनिटांनी चुकलीस.”

“हो.”

“बोटं घाल. तुझी.”

मेघालीने कयाक धक्क्याला लावली आणि पंजा आडवा धरला. करंगळी पाण्याला टेकली, तर्जनी कडीला. मध्ये वाराही जाणार नाही अशी चार बोटं.

मॅडमनी तक्त्याच्या मागे पेन्सिलीने ‘अधिक एक तास दहा मिनिटं’ असं लिहिलं. मग फॉर्म काढला. त्याचा कोपरा भिजला होता. मांडीवर ठेवूनच त्यांनी पेनने सही केली, आणि टोपण लावता लावता हिरामणकडे वळल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं. बोलला का नाहीत?”

हिरामण कयाक पुढे घेऊन आला. रेतीने झिजलेल्या नखांचा पंजा त्याने कडीखाली धरला. जाडजूड बोटं. तीनच मावली.

“आम्ही बारशीला तीन बोटं म्हणायचो,” तो म्हणाला, आणि हात पाण्यात बुडवून काढला. “आता हिची चार म्हणायची.”