उपाशी डिश

दोन्ही डिश सारख्याच हिरव्या चमकत होत्या. संशोधक बाईने झाकणं पुन्हा तपासून पाहिली.

"एक अंधारी दिसायला हवी होती ना?" सरांनी मायक्रोस्कोपला पुन्हा डोळा लावला.

हवी होती. डिशमध्ये होत्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी. यांच्या अंगावर रिसेप्टर असतात, दारावरच्या घंटेसारखे. इन्सुलिनने घंटा वाजवली की दार उघडणार आणि साखर आत जाणार, असं बाईचं म्हणणं. म्हणून दोन्ही डिश रात्रभर उपाशी ठेवायच्या, सकाळी एकीलाच इन्सुलिन द्यायचं आणि मग दोघींपुढे चमकणारी साखर ठेवायची. जिची घंटा वाजली तिनेच चमकायचं. दुसरीची घंटा मग वाजवली कुणी? बाईने या घंटेपायी तीन वर्षं घालवली होती.

"घंटेचं खूळ आता डोक्यातून काढा," सर म्हणाले. "सोमवारपासून दुसरा विषय."

बाईला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून ती उगाचच हातमोजे काढत बसली.

बेसिनपाशी बाटल्या विसळणारे काका थांबले. पेशींचं खाणंपिणं बघणारे हे तंत्रज्ञ. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही डिश वाया गेली नव्हती, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. आज मात्र त्यांनी घसा खाकरला.

"सर, ते... सकाळी सातला मी थोडं घातलं."

"काय घातलं?"

"नेहमीचंच. पोषकद्रव, सीरमसकट. दोघींना."

सीरम म्हणजे रक्तातला पातळ भाग; त्यात इन्सुलिनसारखं बरंच काही, म्हणजे हव्या तेवढ्या घंटा वाजवण्याची सोय. बाईने हातमोजे टेबलावर आपटले.

"काका, झाकणावर एवढं मोठं 'उपाशी' लिहिलंय. वाचलं नाहीत?"

"वाचलं ना, ताई. म्हणूनच तर घातलं."

सरांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला.

"पार आक्रसल्या होत्या हो. बघवेना," काका म्हणाले. "मला साखरेचा आजार झाल्यापासून बायको मला असंच ठेवते. सकाळी उकडलेला दुधी, संध्याकाळी त्याचं पाणी. उपाशी ठेवलेल्याचे हाल मला विचारा."

"अहो, ह्या कर्करोगाच्या पेशी आहेत, पाळलेल्या मांजरी नव्हेत," सर म्हणाले. "या उपाशी कशा मरतील ते शोधायला तर सरकार आपल्याला पोसतंय."

"तेही खरंच," काकांनी मान्य केलं. "पण रिकाम्या पोटी बघितल्यावर ते आठवत नाही."

बाईला संताप आला होता आणि त्यातच हसूही फुटलं, त्यामुळे तिला नीट रागावताही येईना. सरांनी कपाळाला हात लावला.

"उद्या पुन्हा करा. शेवटचं. आणि काका, तुम्ही पेशींच्या कपाटाच्या जवळपासही फिरकायचं नाही."

"मी शब्द देतो, सर. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही," काका खालच्या आवाजात म्हणाले. "काहीतरी बंदोबस्त करतो."

दुसऱ्या दिवशी बाई आली, तर पेशींच्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला. कडेला तेलाचे डाग, अक्षर ठसठशीत, बायकी: 'दाराला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे.' काका चार हात लांब, हात मागे बांधून उभे होते.

तासाभराने बाईने मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. एक डिश हिरवीगार. दुसरी मिट्ट काळोख. तिने सरांना हाक मारली. सर दोन्ही डिश आलटूनपालटून बघत म्हणाले, "सोमवारपासून हाच विषय."

बाई काकांकडे वळली. "काका, ही चिठ्ठी कुठली?"

"घरच्या फ्रिजवरची. रात्रीच काढून पिशवीत ठेवली होती. या एका अक्षराला मी भितो."

"मग घरच्या फ्रिजवर आता काय आहे?"

"काहीच नाही," काका समाधानाने म्हणाले, आणि मिशीवरचा साखरेचा कण त्यांनी हलकेच पुसला.