रोज सकाळी नऊ वाजता

वकील माधवीने मानेचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि स्क्रीन समोरच्या अशिलाकडे वळवली. "नत्थूजी, हे काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

स्क्रीनवर दोनशे एकेचाळीस ओळी होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत मजकूर एकच: 'जयभीम. बरं आहे. तुमचं कसं?'

वर्ध्यातल्या या ऑफिसात अपघाताच्या दाव्यांशिवाय दुसरं काही चालत नाही. गेल्या वर्षी माधवीने त्यासाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर घेतलं. कागद, तारखा, दवाखान्याची बिलं, सगळं क्लाउडवर. कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या मोबाईलवर उघडतं. शिवाय ते जखमी अशिलाला रोज सकाळी नऊ वाजता व्हॉट्सॲपवर विचारतं, 'आज तब्येत कशी आहे?' उत्तरं तारखेनिशी जमा होतात आणि दुखण्याचा रोजनामा आयता तयार. साक्षीला जोडायला याहून भक्कम कागद मिळणार नाही, असं सॉफ्टवेअर विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता. त्याने अल्लीपूरचा माणूस पाहिलेला नव्हता.

नत्थूजी अल्लीपूरचे गवंडी. पिकअपने उडवलं, ऑपरेशन करून उजव्या गुडघ्यात सळई बसवली आणि परांचीवर चढणं संपलं. उद्या दाव्यात त्यांची साक्ष होती.

"उद्या विमा कंपनीचा वकील गोड बोलून विचारेल, 'काका, आता बरं आहे ना?' तुम्ही मान हलवली, की दावा गेलाच समजा."

"पन मॅडम, तुमी रोज इतक्या आपुलकीनं विचारता. सकाळी सकाळी तुमाले आपलं रडगानं काय सांगाव?"

"मी नाही विचारत. कोणीच नाही विचारत. मशीन आपोआप पाठवतं."

शेजारी बसलेल्या बायकोकडे, देवकाबाईंकडे नत्थूजींनी एकदा पाहिलं.

"म्हनून 'तुमचं कसं'चं उत्तर कधी आलं नाई," ते म्हणाले. "मले वाटे, मॅडमले कामं असतीन."

माधवीला लाज वाटली. आठ महिन्यांत ही यादी तिने आज पहिल्यांदा उघडली होती.

"मशीनच व्हय ना? पक्कं?"

"पक्कं."

"मंग लिहा."

आणि जो माणूस दवाखान्यातही हूं की चूं करत नव्हता, त्याने पाढा वाचायला सुरुवात केली. "गुडघा दिवसभर ठनकते. संडासात नळ धरल्याबिगर उठता येत नाई. विहारात सगळे खाली बसतेत, मी मांगं खुर्चीवर. जानेवारीत हिंगनघाटले कामावर गेलतो. परांचीच्या तिसऱ्या बांबूवर पाय लटलट कापाले लागला. दोघाजनांनी धरून उतरवलं. घरी सांगतलं, आज काम नोतं."

माधवी टाइप करत होती. देवकाबाईंचा चेहरा पार उतरला होता.

"मले काऊन नाई सांगतलं? मी त रोज विचारत होती."

"तुले कसं सांगू? तू का मशीन हायेस?"

देवकाबाईंना रडू आलं आणि रागही आला. त्यांनी रागाला पुढे केलं. "उद्या तिथं बरं हाय म्हनसान, त मी उभी राहून सांगीन जजसायबाले. नळासकट सांगीन."

माधवीने खुर्ची पुढे ओढली. "थांबा, आता मी कंपनीचा वकील." आवाजात साखर घोळून तिने विचारलं, "काय काका, बरं आहे ना आता?"

नत्थूजींच्या ओठांवर सवयीचं उत्तर आलंच होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"नाई साहेब. लय दुखते. परांचीवर चढनं होत नाई आता."

एवढं रोखठोक बोलून समोरच्याला वाईट तर वाटलं नसेल ना, असं मनात येऊन त्यांनी लगेच विचारलं, "तुमचं कसं?"

माधवी मान दाबत बसली होती. सकाळपासूनची कळ आता पार डोक्यापर्यंत चढली होती.

"बरं आहे," ती म्हणाली.